षष्ठी चार दिवसांवर आणि घरगाडी उठेना: उभ्या राहिलेल्या डिझेल गाड्यांचे अनुभव सांगा

कार्तिकीहून परतलो, भांडी उतरवली, राहुट्या वाळवून घडी घातल्या आणि गाडी वाड्यामागच्या पत्र्याखाली नेऊन ठेवली. हँडब्रेक कचकून ओढला, चाकाला दगड लावला, वरून ताडपत्री टाकली. मास्तरकी केलेला माणूस, शिस्तीत काही कमी ठेवली नाही.

गाडी म्हणजे १९९८ सालचा डिझेल टेम्पो. मागच्या हौद्यात हळूहळू संसार थाटलाय. दोन फळ्या घडी होऊन भिंतीला लागतात, रात्री त्यांची बाज होते. शेगडीपुरता कडप्पा, टपावर पाण्याची टाकी, दारामागे विठोबाची तसबीर. पुण्यातला पुतण्या तिला ‘मोटरहोम’ म्हणतो. दिंडीत सगळे घरगाडीच म्हणतात.

आता पैठणला नाथषष्ठी चार दिवसांवर आली. काल किल्ली फिरवली. सेल्फ ठणठणीत फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. गावातला मेस्त्री आला, बॉनेटमध्ये डोकं घालून पाच मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, डिझेलचा पंप उतरवून जालन्याला न्यावा लागतो. इंजिनात डिझेल उडवणारे नोझलही बघून घेऊ. पंधरा हजार धरा.” अजून एक पाना लावलेला नव्हता, आकडा मात्र तयार.

म्हणून विचारतोय. तीन-चार महिने किंवा वर्षभर उभी राहिलेली डिझेल गाडी तुमच्याकडं उठली नाही, तेव्हा शेवटी निघालं काय? टेम्पो असो, ट्रॅक्टर असो, जीप असो. पुस्तकातलं नको, हाताला काळं लागलेलं सांगा.

लातूरहून, टँकरवाला

गुरुजी, आमचं तुमच्या उलट. आमची गाडी उन्हाळ्यात पळती आन् पावसाळा-हिवाळा उभी. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या साली टँकरचं इंजिन थंडच होत नव्हतं. पुढं पाऊस मनासारखा झाला आन् गाडी शेडात गेली ती आठ महिने. काढायला गेलो तर नुसतं ‘कट्’. दुसरा आवाज नाही.

बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस केलेल्या असतात. एक मेली म्हणून नवी आणली, दुसरी जुनीच ठेवली. ही पहिली चूक. जुनी नवीला धड भरू देत नाही. दुसरीही बदलली, तरी ‘कट्’. मग सेल्फ खोलला, कार्बन बदलले. तरी तेच. शेवटी गेवराईचा एक म्हातारा वायरमन आला. त्यानं सेल्फ मारायला लावला आन् मीटरची एक कांडी बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनाच्या अंगाला धरली. तीन व्होल्ट! अर्ध्याच्या वर जायला नको. चासीवर अर्थिंगची पट्टी जिथं नटानं आवळलेली असती, तिच्याखाली गंजाचा पापुद्रा धरला होता. पॉलिश पेपरनं घासलं, ग्रीस लावलं, पहिल्या सेल्फला गाडी उठली. दोन बॅटऱ्या आन् एक सेल्फ फुकट.

आता उभी करताना मायनसची वायर काढूनच ठेवतो. बॅटरी निवांत असताना १२.६ दाखवली तर भरलेली. १२ वर आली तर रिकामीच समजा, हॉर्न वाजला तरी फसू नका. हॉर्नला किती वीज लागती अन् सेल्फला किती!

गुरुजी

माझा सेल्फ जोरात फिरतोय, त्यामुळं माझं दुखणं हे नसावं. पण मीटर आणायला पोराला पाठवलंय.

परभणीहून

आमच्याकडची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस सोसणारं हेच गाव डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा अंशांवर येतं, कधी त्याच्याही खाली. कृषी विद्यापीठाचा आकडा पेपरात आला की आम्ही गाडीवरची गोधडी डबल करतो.

मामाची जुनी जीप लग्नसराईपुरती निघते. एका जानेवारीत पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी बसवली. सायलेन्सरमधून मात्र ढगासारखा पांढरा धूर आणि डोळ्याला झोंबणारा डिझेलचा वास. आम्ही तेव्हा ‘डिझेल येत नाही’ म्हणून टाकीकडं शोधत बसलो होतो! पुढं कळलं की पांढरा धूर म्हणजेच न जळालेलं डिझेल. म्हणजे डिझेल येतंय, पेटत नाहीय. डिझेलला ठिणगी नसते, हवा दाबून दाबून तापते आणि त्या उष्णतेनं ते पेटतं. गार लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं, म्हणून असल्या इंजिनाला हीटर प्लग दिलेले असतात. आमचे चारपैकी तीन मेलेले होते. उन्हाळ्यात एकावर भागत होतं, त्यामुळं कुणाला पत्ताच नाही.

तपासणं सोपं आहे. हीटरवरची जोडपट्टी काढायची, बॅटरीच्या प्लसपासून टेस्ट लॅम्प घेऊन एकेका प्लगच्या डोक्याला टेकवायचा. लागला तर जिवंत.

आजी म्हणत होती, घमेल्यात निखारे करून इंजिनाखाली सरकवा, तुझ्या आजोबांनी ट्रक असाच उठवला होता. आजोबांचा ट्रक उठला असेल. ऑइल गळणाऱ्या जीपखाली आम्ही काही निखारे सरकवले नाहीत.

गुरुजी, तुमच्या सायलेन्सरमधून धूर येतोय का? आला तर कोणता?

गुरुजी

काहीच नाही. पांढरा नाही, काळा नाही. पोरगं सायलेन्सरपाशी बसवलं होतं. म्हणतंय, आजोबा, नुसती हवा येतीय.

उदगीरहून

मग डिझेलच पोहोचत नाही, पंधरा हजार खिशात ठेवा. उभ्या गाडीत हवा धरणं हे सगळ्यात नेहमीचं. टाकीपासून येणारा रबरी पाइप वाळून केसाएवढा तडकतो. तिथून डिझेल गळत नाही, म्हणून दिसत नाही. पण हवा आत जाते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं.

फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करा आणि डिझेलच्या लाइनवरचा छोटा हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुड्याची धार, मग स्वच्छ धार. स्वच्छ धार चालू असतानाच स्क्रू आवळा, पंप सोडल्यावर नाही. मग नोझलचे नट सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल थुंकलं की आवळायचं. बोट पुढं धरू नका, पंपाच्या दाबानं डिझेल कातडीत घुसतं. आणि हे फक्त जुन्या गाडीसाठी. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या गाडीत नोझलच्या नटाला हात लावायचा नाही, कधीच.

जालन्याहून

माझी स्कूल बस आहे, मालकीण मीच आणि वेळ पडली तर चालकही मीच. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. बस घरासमोर दीड वर्ष उभी. कुणी म्हणायचं विकून टाका, कुणी म्हणायचं आत कोंबड्या पाळा.

टाकी पाव भरलेली होती, हीच माझी चूक. रिकाम्या टाकीत हवा जास्त, आणि हवेतली ओल रात्रीच्या गारव्यात पत्र्यावर दव धरते. ते पाणी तळाला बसतं. पाण्याच्या आणि डिझेलच्या मधल्या थरात बारीक जीव वाढतात. शाळेत असताना कुणी सांगितलं असतं की डिझेललासुद्धा बुरशी येते, तर हसले असते. फिल्टर खोलला तेव्हा आत काजळ कालवलेलं दही असावं तसा गोळा निघाला. वास कुजक्या शेवाळाचा.

नवा फिल्टर टाकला. बस उठली, मोंढ्यापर्यंत गेली आणि बंद. पुन्हा फिल्टर, पुन्हा दोन दिवस. तिसऱ्या फिल्टरला माझं डोकं ठिकाणावर आलं: घाण टाकीत आहे, आणि मी चाळणी बदलत बसलेय. टाकी उतरवली, तळाचा नट काढला. आधी साधारण तांब्याभर पाणी आलं, मग ते काळं. टाकी धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली. तेव्हापासून उभी करताना टाकी गळ्यापर्यंत भरते आणि फिल्टरच्या बुडातला पाण्याचा नट महिन्यातून एकदा कपभर सोडून बघते. ड्रायव्हर हसतात. हसू देत.

हिंगोलीहून

एअर फिल्टरमध्ये उंदीर. ज्वारीच्या दाण्यांसकट बाळंतपण झालेलं. गाडी सुरू व्हायची, काळा धूर टाकायची आणि गुदमरून मरायची. फिल्टर काढून सेल्फ मारला तर लगेच पळाली. एवढंच.

नांदेडहून

माझी बीएस-सहा गाडी आहे, टूरिस्टसाठी. या गाड्यांची दुखणी वेगळी. हिच्यात धूर स्वच्छ करायला युरियाचं पाणी घालावं लागतं, पंपावर डब्यात मिळतं ते. ते नासतं हे मला माहीत नव्हतं. पंचवीस अंशांपर्यंत दीड वर्ष टिकतं, पण पस्तिसाच्या आसपास सहा महिनेच. आणि आपल्याकडं पत्र्याखाली पस्तीस म्हणजे गारवा! माझ्या गाडीनं डॅशबोर्डवर आधी दिवा लावला, मग उरलेले किलोमीटर मोजत आणले आणि शून्यावर आल्यावर एकदा बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरूच होऊ दिलं नाही. कुठलाही भाग मेलेला नव्हता, गाडीनं स्वतःच नकार दिला होता. शेजाऱ्यानं शेतातला युरिया पाण्यात कालवून घातला होता, त्याचं बिल मी सांगत नाही. त्याच्या घरी अजून माहीत नाही.

आणि असल्या गाडीला धक्का मारून फायदा नाही. बॅटरी पार बसली की कॉम्प्युटरच जागा होत नाही. चार माणसं घामाघूम होतात, तेवढंच.

धाराशिवहून

कुणी ‘स्टार्टिंग स्प्रे मारा’ म्हणेल, म्हणून आधीच लिहितो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो मारू नका. मी मारला. हीटर लाल झालेला होता, वाफ इनटेकमध्येच पेटली, फाट्कन आवाज आला आणि एअर फिल्टरचं झाकण गोठ्यावर जाऊन पडलं. म्हैस आठ दिवस दूध चोरत होती. भुवया महिन्यानं आल्या.

परभणीहून, पुन्हा

दर आठवड्याला दहा मिनिटं चालू करून ठेवली की काम भागतं, असं सगळे म्हणतात. मला पटत नाही. उभ्या गाडीत दहा मिनिटांत इंजिन धड तापत नाही, सेल्फनं खाल्लेली वीजही भरून निघत नाही, सायलेन्सरमध्ये मात्र पाणी साचतं. काढायची तर पंधरवड्यातून एकदा पण दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा.

जालन्याहून

आणि त्या दहा-पंधरा किलोमीटरचं डिझेल कुणी घालायचं, भाऊ?

गुरुजी

उदगीरच्या दादांनी सांगितलं तसं केलं. पाइप खरंच तडकला होता, बदलला. फिल्टरवर फेस आला, मग स्वच्छ धार आली. पंपाच्या तोंडापर्यंत डिझेल आहे. नोझलचे नट सैल करून सेल्फ मारला तर एक थेंब नाही. चारही कोरडे. म्हणजे मेस्त्री बरोबर, पंपच गेला? शिक्षकाच्या पेन्शनमध्ये पंधरा हजार म्हणजे काय, ते सांगायला नको.

बीडहून, ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर

गुरुजी, थांबा. पंप उतरवू नका.

आमचा ट्रॅक्टर मुकादमाकडं असतो, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलपासून उभा. आमच्या चुका आधी ऐका. एका पावसाळ्यात उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घालायला विसरलो. पाणी नळीतून थेट सिलिंडरमध्ये. दसऱ्याला पूजा करून सेल्फ मारला, इंजिन अर्धा फेरा फिरून ‘ठप्’. हवा दबते, पाणी दबत नाही. गडी जोर करायलेत, म्हणलं अजून मारा. कनेक्टिंग रॉड वाकला. उचल घेतलेली सगळी त्यातच गेली. आधी नोझल काढून हातानं फिरवलं असतं तर पाणी बाहेर आलं असतं, काम तिथंच संपलं असतं.

आता तुमचं. तुमची गाडी बंद कशी करता? किल्लीनं का दोरी ओढून? जुना टेम्पो आहे म्हणजे दोरी असणार. ती दोरी पंपावरचा खटका ओढती आन् डिझेल तोडती. सोडल्यावर खटका स्प्रिंगनं मागं यायला पाहिजे. उभ्या गाडीत दोरी आत गंजती, खटका ‘बंद’वरच राहतो. वर बटन आत गेलेलं दिसतं, खाली गाडी अजून बंदच केलेली असती. आम्ही दोन वर्षांपूर्वी पंप उतरवून अंबाजोगाईला नेला. तिथल्या माणसानं टेबलावर खटका बोटानं ढकलला आन् माझ्याकडं बघितलं. पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. ते जास्त लागलं.

खटका मागं येऊनही डिझेल आलं नाही तर पंपातली रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, चिकटली असंल. तेव्हा खुशाल मेस्त्रीला बोलवा.

गुरुजी

पोराला खाली बसवलं, मी वर दोरी ओढली-सोडली. पोरगं म्हणालं, “आजोबा, खाली काहीच हलत नाही.” स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या टोकानं खटका ढकलला. ‘टक्’ झालं. दोरीत सुटं ऑइल सोडलं, पंधरा-वीस वेळा मागंपुढं केली. नोझल थुंकायला लागले, नट आवळले. तिसऱ्या सेल्फला पांढरा धूर, चौथ्याला दोन सिलिंडर, मग चारही. ही घरात होती, भांडी वाजायला लागली म्हणून बाहेर आली. पोरानं ‘पुंडलिक वरदे’ म्हणताच गल्लीतून ‘हाऽरी विठ्ठल’ आलं.

कार्तिकीहून आल्या दिवशी गाडी मी स्वतःच बंद केली होती, आणि ती चार महिने माझंच ऐकत बंद राहिली होती. मेस्त्रीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “मी तेच बघणार होतो.”

बीडच्या भाऊंना पैठणहून प्रसाद पाठवतो.

आता पुढचं. शेगडी चढवली, राहुट्या चढवल्या, पहिला गिअर टाकला. गाडी पुढं जायच्या ऐवजी मागून खाली बसली. हँडब्रेक सोडलाय, केबल ढिली दिसतेय, पण मागची दोन्ही चाकं जाम. चार महिने ओढून ठेवलेला, ब्रेकचे लायनर ड्रमला धरले असावेत. ड्रमवर हातोडीनं ठोकू का, की चाक उतरवावंच लागेल? षष्ठी परवा आहे, लवकर सांगा.