भूकंप संशोधनाचा निधी: कंपमंचाला की सळई बांधणाऱ्याला?

रचना_पुणे (मूळ धागा)
विद्यापीठांनी मिळून जपानच्या ई-डिफेन्ससारखा प्रचंड कंपमंच (वर इमारत ठेवून ती भूकंपासारखी हलवणारा मंच) आपल्याकडे उभारावा, ही मागणी वारंवार होते. मिकी इथला तो मंच २० × १५ मीटरचा, १,२०० टनांपर्यंतची खरी इमारत हलवणारा. मला ही मागणी पटत नाही. आपल्या कॉलमचा घात रिंगांत, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या आडव्या सळयांत होतो आणि त्यावरचं उत्तर केव्हाच लिहून ठेवलंय. भूकंपरोधक काँक्रीट बांधकामाची भारतीय संहिता आयएस १३९२० सांगते: रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशांत आत वळवा, ८ मिमीच्या रिंगेचं टोक किमान ६५ मिमी ठेवा. ३०० × ४५० मिमीच्या कॉलमला वर-खाली किमान ४५० मिमीच्या पट्ट्यात रिंगा ७५ मिमीवर हव्यात. साइटवर हूक ९० अंशांचा, अंतर सरसकट १५० मिमी, आणि बीम-कॉलमच्या जोडात रिंगच नाही! कव्हर (रिंगेबाहेरचा काँक्रीटचा थर) उडालं की हा हूक उघडतो, आतलं काँक्रीट सुटतं, उभ्या सळया बाहेर फुगतात. निधी फिटरच्या, म्हणजे सळई बांधणाऱ्याच्या प्रशिक्षणाला द्या.

कंपन
जोडात रिंग का नसते ते बघा की. बीमच्या सळया आधी बसल्या की बंद रिंग वरून उतरतच नाही. कितीही प्रशिक्षण द्या, ती उतरणार नाही. कामाचा क्रम बदला, नाहीतर दोन तुकड्यांची रिंग द्या. आणि ती कितपत टिकते हे प्रयोगशाळाच सांगेल. तेही खऱ्या आकारात. १:४ च्या प्रतिकृतीचं वजन ६४ पट घटतं, छेदाचं क्षेत्रफळ मात्र १६ पटच, म्हणून ताण चौथाईवर येतो. तो भरून काढायला प्रतिकृतीच्या तिप्पट जादा वजन लादावं लागतं आणि भूकंपाची नोंद निम्म्या वेळात चालवावी लागते. एवढं करूनही हूक उघडणं सळईऐवजी वापरलेल्या छोट्या तारेत नीट दिसत नाही.

दख्खनचा_दगड
काँक्रीटपुरतंच बोलताय दोघं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात माणसं दबली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली. भिंतीचे आतले-बाहेरचे दोन थर, मध्ये नुसती भर. हादऱ्यानं थर सुटे झाले, बाहेरचा फुगून पडला. उपाय ठाऊक आहे: भिंतीच्या आरपार जाणारा दगड, उंचीत दर ६०० मिमीला, लांबीत १.२ मीटरच्या आत. पण अशी उभी भिंत न पाडता त्यात हा दगड कसा बसवायचा, भोक पाडताना भर ढासळली तर काय, यावर किती विद्यापीठं मिळून काम करतात? मंचापेक्षा हे निकडीचं.

जोडभिंत
एकाच जागी महामंच हवाच कशाला? २००३ साली अमेरिकेत इलिनॉय आणि कोलोरॅडो विद्यापीठांनी एकाच चौकटीचे दोन कॉलम आपापल्या प्रयोगशाळेत बसवले, उरलेला भाग संगणकात ठेवला. संगणक दर पायरीला सरक (कॉलम किती हलवायचा ते अंतर) सांगतो, जॅक तेवढं ढकलतो, मोजलेलं बळ परत जातं, मग पुढची पायरी. काही सेकंदांच्या भूकंपाला तास लागतात. वेगावर चालणाऱ्या डँपरसाठी (हादरे शोषणाऱ्या उपकरणासाठी) ही पद्धत कुचकामी, पण हूक आणि जोड तपासायला चालते. शिवाय बीम-कॉलमच्या चौकटीचा हट्ट सोडा. गांधीनगर आयआयटीच्या वसतिगृहांत बंदिस्त वीटकाम केलंय: आधी दातेरी कडांची भिंत, मग त्या दातांत छोटे कॉलम ओतायचे. चौकट आधी आणि भिंत नंतर केली की वरच्या बीमखाली फट राहते. इथे ती राहत नाही. मात्र दाते काँक्रीट ओतण्याआधी भिजवले नाहीत तर वीट पाणी शोषते आणि पकड जाते.

रचना_पुणे
जोडलेल्या चाचण्यांना माझी हरकत नाही. एकच अट: नमुना प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानं बांधायचा नाही. साइटवरचा फिटर रोजच्या अवजारांनी बांधेल, मोजमाप न सांगता. शेजारी त्याच मापाचा संहितेप्रमाणे बांधलेला दुसरा. दोन्ही एकाच सरकेनं ढकला.

कंपन
मान्य, पण फिटर एक नको. किमान तीन शहरांतले घ्या, नाहीतर तुम्ही त्या माणसाचा हातच मोजाल.