रोज थोडं लिहिणं : सांगली-साताऱ्याकडच्या लिहित्या माणसांचे अनुभव

आपल्या भागात कथा-कविता लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. नोकरी, रान, घर सांभाळून ती लिहायला नेमकी कधी बसतात, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. ते सांगायला आज सगळ्यांना आग्रहाने बोलावते आहे. तुम्ही कधी लिहिता, कुठे बसता, लिहिणं तुटलं तेव्हा काय झालं आणि परत कसं सुरू झालं, ते लिहा. सल्ले नकोत, घडलेलं हवं.

सुरुवात मी करते. राहणार सांगली, विश्रामबाग. नऊ वर्षांत माझ्या चार कथा पूर्ण झाल्या, आणि त्यातल्या तीन गेल्या दीड वर्षातल्या. आमच्याकडे नळाला पाणी पावणेसहाला येतं. टाकी भरेपर्यंत मला मोटरीपाशी थांबावंच लागतं. तिथे एक स्टूल आणि दोनशे पानी वही ठेवली. पंचवीस मिनिटं मिळतात. पाणी आलं नाही त्या दिवशीही आता मी पावणेसहाला तिथे जाऊन बसते. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकलं होतं. मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांत आपल्यातच काही कमी आहे असं सारखं वाटत राहिलं.

वाळवा तालुका, दूध संकलन केंद्र

पहाटं साडेपाचला किटल्या यायला लागत्यात. फॅट लावायचं, वजन करायचं, पावती द्यायची. साडेसातला गाडी येऊन कॅन घेऊन जाती. आधी मी रातच्याला लिवायला बसायचो. दोन ओळी झाल्या की डोळं मिटायचं. आता गाडी गेली की शटर अर्धं खाली ओढतो आन पाच ओळी लिवतो. पाचच. सहावी डोक्यात आली तरी थांबतो, ती उद्याला ठेवतो. दिवसभर रानात ती संगती असती.

आजून एक. शुद्ध भाषेत लिवायचं का आमच्या बोलीत, ह्यात माझी दोन वर्सं गेली. ज्या दिवशी म्हस आटली तेव्हाचं आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, त्या दिवशी पाच ओळींची पाच पानं झाली. माझी अडचण येळंची नव्हतीच बहुतेक.

सातारा, मानसशास्त्र शिकवते

त्या एकवीस दिवसांबद्दल. एका प्लास्टिक सर्जनने १९६० च्या सुमारास लिहिलं होतं की रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस लागतात. लोकांनी त्यातलं ‘निदान’ गाळलं आणि आकडा ठेवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. एखादी नवी गोष्ट आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात असं त्यात निघालं. पण पसारा १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. तेव्हा ताई, तुमचे चार महिने अगदी रीतसर आहेत. एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यांना दिसलं. मी स्वतः अजून त्या पसाऱ्यातच आहे, एकशे सदतिसावा दिवस.

सांगली, गावभाग, वय ६३

मी १९९४ पासून रात्री जेवणं आटोपली की एक पान लिहायचे. गोष्टी, आठवणी, सासरच्या बायकांच्या तोंडचे शब्द. २००५ च्या पुरात घरात पाणी आलं, त्याची भिंतीवर खूण राहिली. ती आमच्या ह्यांनी पुसू दिली नाही. पुढे माझ्या सगळ्या वह्या त्या खुणेच्या हातभर वर, फळी ठोकून ठेवल्या. चौदा वह्या होत्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आम्ही नेसत्या वस्त्रांनिशी मिरजेला नणंदेकडे गेलो होतो. परतलो तेव्हा फळी जागेवर होती आणि वह्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. शाईपेनने लिहिलेलं सगळं धुऊन गेलं होतं, नुसती निळसर झाक राहिली होती. शेवटच्या दोन वह्या बॉलपेनच्या होत्या. त्यातली काही पानं सुटी करून वाळवली, ती वाचता आली.

त्यानंतर अकरा महिने पेन हातात धरलं नाही. आठवून पुन्हा लिहा, असं सगळे म्हणायचे. मी बसायचेही, पण आठवलेलं वाक्य गेलेल्या वाक्यासारखं नसायचं आणि मी वही मिटायचे. मग लॉकडाउनमध्ये नात म्हणाली, आजी, त्या वह्यांत काय होतं ते मला सांग की. तिला आत्येसासूबाईंची गोष्ट सांगायला लागले. त्यांचे यजमान हरिपूरला हळदीच्या पेवांवर कामाला होते. हळद साठवायची जमिनीखालची ती खोल पेवं, तोंड उघडल्यावर आत लगेच कोणी उतरायचं नाही हा नियम, आणि एका दुपारी तो न पाळलेला माणूस. नात फोनवर आवाज भरून घ्यायची. दुसऱ्या दिवशी ऐकून मी उतरवायचे. माझंच बोलणं परक्यासारखं ऐकताना वाक्यं नवी यायला लागली, जुन्याची तुलना थांबली.

आता रोज दहा मिनिटं बोलते आणि मग लिहिते. बॉलपेननेच. दर रविवारी नात पानांचे फोटो काढून ठेवते.

(धागा काढणारी : ताई, दोनदा वाचलं. नियम न पाळणाऱ्या त्या माणसाचं पुढे काय झालं, ते विचारायचा धीर होत नाही.)

मिरज, तंतुवाद्यांचं काम

आमच्यात जवारी काढणं, म्हणजे तारेचा आवाज खुलवणं, हे सगळ्यात नाजूक काम. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीने हलकेच घासायची, तार छेडून ऐकायची, परत घासायची. जास्त घासली गेली की पुन्हा पहिल्यापासून. कवितेच्या पहिल्या ओळीवरच मी जवारी काढायला बसायचो. भोपळ्याला अजून दांडी जोडलेली नाही आणि मी सूर तपासतोय, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. हे कळलं ते माझ्या वडिलांमुळे. त्यांना कवितेतलं काही कळत नाही, पण माझी खाडाखोड बघून त्यांनी विचारलं, वाद्य कुठाय?

आता आठवडाभर दुकान उघडायच्या आधी वीस मिनिटं नुसतं लिहितो, एक शब्द खोडत नाही. रविवारी मोठ्याने वाचतो आणि मग कानस हातात घेतो.

वाई, वय ७१

माझं मत जरा वेगळं आहे. रोज लिहायला बसलो की माझी कथा पातळ होते. १९०९ साली पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष त्याच्याभोवती फिरत आलेलं आहे. मी आषाढात बसतो. पाऊस, घाटावर सामसूम, आणि संपादकांनी दिलेली तारीख. तीन आठवड्यांत एक कथा होते. बाकीचे अकरा महिने बघणं, ऐकणं आणि खिशातल्या डायरीत टिपून ठेवणं. तारखेचा धाक मला लागतो, आणि तो लागणाऱ्या माणसाने स्वतःला कमी समजू नये असं मला मनापासून वाटतं.

कऱ्हाड, नर्स

काका, डायरीत टिपता ते रोज ना? मग तुम्ही रोजच लिहिताय, मी तरी तसंच धरते.

माझी ड्यूटी फिरती. सकाळ, दुपार, रात्र. त्यामुळे ‘रोज अमुक वाजता’ हे माझ्याकडून तीनदा मोडलं. शेवटी घड्याळ सोडलं. ड्यूटी कोणतीही असो, युनिफॉर्म बदलायच्या आधी चेंजिंग रूममधल्या बाकावर बसून चार ओळी. पेशंटचं नाव-गाव कधीच नाही. एखादा हात, एखादं वाक्य, डब्यातून आलेला वास. चौदा महिने झाले. त्यातून कथा होईल का, ते माहीत नाही, पण घरी जाताना डोकं रिकामं असतं आणि मुलीशी नीट बोलता येतं.

आटपाडी तालुका, बी.ए. दुसरं वर्ष

माडगुळ्याच्या मळ्यातला ‘बामणाचा पत्रा’, म्हणजे पत्र्याच्या छपराची खोली, बघायला आम्हाला शाळेतून नेलं होतं. माडगूळकर बंधू तिथे बसून लिहायचे. तेव्हापासून मला वाटायचं की लिहायला अशी जागा पाहिजे. आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सात. म्हणून मी अभ्यासिकेत जाते. तिथे सगळे स्पर्धा परीक्षेचे, महिन्याची फी भरून बसणारे. त्यांच्यात कविता लिहिणं मला चोरीसारखं वाटायचं, वहीवर चालू घडामोडींचं मासिक झाकून ठेवायचे. सहा ते सात हा तास माझा, मग आठपर्यंत खरा अभ्यास.

काल शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने विचारलं, हा कुठल्या पेपरचा अभ्यास? मी मासिक बाजूला केलं आणि वही तिच्याकडे सरकवली.

गावभागातल्या आजी, मला धीर होतोय म्हणून विचारते. पेवात उतरलेल्या त्या माणसाची गोष्ट लिहून झाली असेल तर वाचायला द्याल का?