गोव्यात गाडीत टीव्ही लागंना, वर माडच माड, काय करू?

गाडीवाला_कोल्हापूर
मंडळी नमस्कार, जरा अडलोय. आमची जुनी ट्रॅव्हलर आहे, मागल्या वर्षी सीटा काढून आत दोन बेड, ओटा, बारकं सिंक असं सगळं करून घेतलं आणि आता आई-आप्पांना घेऊन महिनाभर गोव्यात आलोय. सध्या आगोंदजवळ ओळखीच्यांच्या अंगणात गाडी लावलीय, सावली लय भारी, घाम म्हणून नाही, पण टीव्ही शून्य. टपावर फ्री डिशची ६० सेंटीमीटरची छत्री बोल्ट मारून बसवलीय, कोल्हापुरात दारात गाडी उभी असताना सगळं झकास दिसत होतं. इथं बॉक्स नुसता नो सिग्नल म्हणतोय. सिग्नल शोधायचा फाइंडर आणलाय तो एका जागी पीं पीं करतोय पण चॅनेल काय येत नाहीत. मोबाईलला एक काडी, ती पण मधेच जाते. आप्पा संध्याकाळच्या बातम्या लागल्याशिवाय ताटावर बसत नाहीत हो, चार दिवस झाले घरात (म्हणजे गाडीत) तणाव आहे. पूर्वीचा काड्यांचा अँटेना घेऊ का? का बूस्टर? का पूर्वेला सह्याद्री आडवा येतोय?

डिशवाला_म्हापसा
भाऊ, सह्याद्रीला उगाच दोष देऊ नका. फ्री डिश जीसॅट-१५ या सॅटेलाइटवरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. गोव्यातून बघितलं तर आग्नेयेला, कंपासवर साधारण १२६-१२७ अंशावर, आणि वर ६१ अंश, म्हणजे जवळजवळ डोक्यावरच. एवढ्या उंचीला कुठला डोंगर आड येतोय? आड येतो तो माड. तुम्ही सावली बघून गाडी लावलीत आणि डिश गाडीच्या टपावर, मग डिशलाही सावलीच मिळणार. ओल्या झावळीतून सिग्नल जवळपास येतच नाही, आणि वारा सुटला की झावळ हलते तसं चित्र चौकोन चौकोन होऊन फुटतं. बूस्टरने काय होणार नाही, मुळात आत येतच नाही ते वाढवणार कसं.

दुसरं, बोल्ट मारलेली डिश गाडीचं तोंड फिरलं की फिरते. कोल्हापुरात दारात गाडी जशी उभी होती तशीच अंशाअंशाने इथे उभी आहे का? नाही ना. शिवाय कोल्हापूरचा अँगल आणि आगोंदचा अँगल यात आडवा तीनेक अंशांचा फरक पडतो, ६० सेंटीमीटरच्या डिशला तेवढा पुरतो.

त्या फाइंडरच्या नादी लागू नका. त्याला कुठलाही सॅटेलाइट सापडला की तो ओरडतो. ९३.५ च्या शेजारीच ९५ अंशावर डिश टीव्हीवाल्यांचा आहे, फक्त दीड अंश लांब. तुमची पीं पीं बहुतेक त्याचीच. बॉक्सच्या मेनूत सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात, त्यातली स्ट्रेंथ बघू नका, ती एलएनबी (डिशच्या दांड्यावरचा तो डबा) नुसता जोडला तरी वर जाते. क्वालिटीची पट्टी हलली तरच आपला पक्षी (म्हणजे सॅटेलाइट) सापडला असं समजा. आणि एकदा सापडला की एलएनबी हळूहळू गोल फिरवून बघा, इथे तो बराच तिरका ठेवायला लागतो.

अजून एक, ही डिश दिसायला जेवढी वर बघते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर तिचं लक्ष असतं. त्यामुळे डिश आकाशाकडे वासून ठेवू नका, नवीन माणसं सगळी तिथेच चुकतात.

चाकांवरची_ताई
दादा, डिश टपावरून काढाच तुम्ही. आम्ही पुण्याहून दरवर्षी येतो आणि आमच्याकडे नियम आहे, गाडी सावलीत, डिश उन्हात. जड ट्रायपॉड, १५ मीटर आरजी-६ (डिशची नेहमीची) केबल दोन्ही टोकांना कनेक्टर लावून, आणि पायाला वाळू भरलेली पिशवी बांधायची, नाहीतर दुपारचा वारा सुटला की डिश आडवी. मोबाईलचं कंपास लावताना गाडीपासून चांगलं लांब उभं राहायचं हां, पत्र्याजवळ ते काहीही दाखवतं, माझ्या नवऱ्याने एकदा एक अख्खी संध्याकाळ डिश रत्नागिरीकडे तोंड करून ठेवली होती आणि वर मलाच विचारत होता बॉक्स पडला का म्हणून 😄

काड्यांचा अँटेना घेऊ नका, दूरदर्शनचे जुने टॉवर २०२२ पर्यंत बहुतेक सगळे बंद झालेत.

करंटचं बघा. फ्री डिशचे बरेच बॉक्स १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात, अडॅप्टरवर वाचून घ्या. तसा असेल तर इन्व्हर्टरमधून २२० करून परत १२ करायचा द्राविडी प्राणायाम कशाला, सरळ बॅटरीवर घ्या, पण मधे १२ व्होल्टचा रेग्युलेटर पाहिजेच. इंजिन चालू असताना लाईन १४ च्या वर जाते, आमचा पहिला बॉक्स असाच गेला.

मार्चच्या मधल्या आठवड्यात आलात तर सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र जाईल, तेव्हा सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येतो. सप्टेंबरअखेरीलाही तसंच. काही हात लावू नका, आपोआप येतं. पावसाळ्यात मात्र मोठी सर आली की गेलंच, तेव्हा भजी तळायची.

नेटकरी_पणजी
मी म्हणतो एवढा खटाटोप कशाला? वेव्हज ॲप टाका, प्रसार भारतीचं, २०२४ च्या इफ्फीत (फिल्म फेस्टिव्हलमध्ये) इथे गोव्यातच लाँच झालं. दूरदर्शनचे चॅनेल लाइव्ह दिसतात.

डिशवाला_म्हापसा
पणजीत बसून सोपं आहे मरे. त्यांना एक काडी येते म्हणून लिहिलंय वर. मोलें, सांगे, सत्तरी, काणकोणचा आतला भाग, तिथे बातम्या कमी आणि गोल फिरणारं चक्र जास्त.

गाडीवाला_कोल्हापूर
ताई, दादा, सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका. घरी एअरटेलचा बॉक्स आहे तो आणून याच डिशला लावला तर? आणि मॅच दिसतील का?

डिशवाला_म्हापसा
एअरटेल १०८.२ अंशावर, टाटा प्ले ८३ वर. बॉक्स बदलला की डिश परत फिरवायला लागणार. फ्री डिशच राहू दे, महिन्याचे पैसे नाहीत, डीडी सह्याद्री आणि डीडी गोवा दोन्ही मिळतात. बाकी प्रायव्हेट चॅनेल लिलावाने येतात आणि बदलत राहतात, त्यामुळे आईंची सीरियल मिळेलच असं नाही. बॉक्स एमपेग-४ वाला (नवीन पद्धतीचा) घ्या, जुन्यात कमी चॅनेल लागतात.

मॅचचं म्हणाल तर २००७ च्या कायद्याने भारताच्या वनडे आणि ट्वेंटी-२० ची फीड (थेट चित्रण) दूरदर्शनला द्यावी लागते, आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती केबलवर नाही दाखवायची, दूरदर्शनने स्वतःच्या टॉवरवरून आणि फ्री डिशवरूनच. म्हणजे फुकटवाले आपण इथे फायद्यात. आयपीएल मात्र त्यात नाही.

गाडीवाला_कोल्हापूर
अपडेट. टपावरची डिश उतरवली, ट्रायपॉड मिळाला नाही म्हणून घरमालकांनी जुन्या स्टुलाला बांधून दिली, शेताच्या कडेला मोकळ्यात ठेवली. पाऊण तास घाम गाळला, क्वालिटी ० ची एकदम ६८. तुम्ही म्हणालात तसंच, आधी शेजारचाच पक्षी पकडला होता. आप्पा सहा वाजताच ताट-पाणी घेऊन बसले. बातम्या सुरू झाल्या आणि दहाव्या मिनिटाला घरमालकांची म्हैस अंग घासायला स्टुलालाच आली.

चाकांवरची_ताई
😂 वाळूची पिशवी सांगितली होती ना

गाडीवाला_कोल्हापूर
म्हशीला पिशवीनं काय होतंय ताई. उद्या कुंपणाच्या आत घेतो, तिथं एकच माड आहे, तो बरोबर आग्नेयेला.