विषय: स्पेनमध्ये हॉटेलच्या खोलीतून चोरी झाली तर

प्रेषक: चिटणीस

नमस्कार मंडळी,

ईस्टरच्या सुट्टीत आपल्यातली बरीच कुटुंबं बार्सिलोना, मालागा, मायोर्काकडे निघाली आहेत. हॉटेलच्या खोलीतून सामान गेलं तर पहिल्या दिवशी काय करायचं, हे माहीतगारांनी लिहावं. किस्से नकोत. मागे खिसेकापूंच्या चर्चेत चाळीस मेल झाले आणि हाती आला तो नुसता मनस्ताप.

प्रश्न तीन. आधी पोलिस की आधी हॉटेल? दार न फोडता चोरी झाली असेल तर विमा मिळतो का? आणि भारतीय पासपोर्ट गेला तर इंग्लंडला परत यायचं कसं?

— चिटणीस

――――――

प्रेषक: रेडिंगकर

विम्याच्या दाव्यांचं काम करतो, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

आधी हॉटेल, त्याच दिवशी पोलिस. इथल्या बहुतेक प्रवास विम्यांत चोरी लक्षात आल्यापासून २४ तासांत तिथल्या पोलिसांत नोंद करण्याची अट असते. परत येऊन इथल्या ठाण्यात गेलात तर ती अट पुरी होत नाही. स्पेनमध्ये फिर्यादीला 'देनुन्सिया' म्हणतात. कातालुन्यात, म्हणजे बार्सिलोनातही, ती मोसोस द'एस्क्वाद्राच्या, म्हणजे त्या प्रांताच्या स्वतःच्या पोलिसांच्या, ठाण्यात द्यावी. माद्रिद, मालागा, पाल्मा इथे पोलिसिया नासिओनाल, म्हणजे राष्ट्रीय पोलिसांकडे. पोलिसिया नासिओनालकडे फोनवर किंवा ऑनलाइन नोंद करता येते, पण नंतर ७२ तासांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. सही राहिली तर ती फिर्याद पुरी झालेली नसते. उद्या सकाळचं विमान असेल तर ऑनलाइनच्या नादी लागू नका, सरळ ठाण्यात जा.

आता 'दार फोडलेलं नाही' हे प्रकरण. खोलीतल्या सामानासाठी काही पॉलिशींत 'कुलूपबंद खोली' एवढीच अट असते, तर काहींत 'बळजबरीने प्रवेश केल्याचा पुरावा' मागतात. निघायच्या आधी हे एक वाक्य पॉलिशीत शोधा. दावे सगळ्यात जास्त इथेच अडतात, कारण कार्डाने उघडलेल्या दारावर ओरखडाही नसतो.

स्पॅनिश कायद्यात चोरीचे दोन प्रकार आहेत: 'उर्तो' आणि 'रोबो'. बळ न वापरता, धाक न दाखवता उचललं तर उर्तो. फोडाफोडी केली किंवा खोट्या किल्लीने उघडलं तर रोबो. त्यांच्या दंडसंहितेचं कलम २३९ खोट्या किल्ल्यांत कुलूप उघडायचा आकडा, मालकाकडून गुन्ह्याने मिळवलेली किल्ली हे सगळं धरतं, आणि चुंबकीय कार्डालाही किल्लीच मानतं. म्हणजे चोरलेल्या किंवा नकली कार्डाने दार उघडलं असेल तर चौकट शाबूत असूनही ते रोबो ठरू शकतं. देनुन्सियावर कुठला शब्द पडतो याला विमा कंपनीकडे वजन असतं.

पण हा शब्द तुम्ही सुचवायचा नाही. तुम्ही फक्त वस्तुस्थिती सांगायची: दार ओढून घेतलं होतं का, बाल्कनीला कडी होती का, तिजोरी बंद होती का, खोली कितीला सोडली, कितीला परत आलात. दार नुसतं लोटलेलं असेल तर तसंच सांगा. खोटी फिर्याद हा तिथेही गुन्हा आहे. आणि अर्थातच, ठाण्यात जायच्या आधी पलंगाखाली, धोब्याच्या पिशवीत आणि दुसऱ्या सुटकेसमध्ये बघून घ्या.

यादी प्रत्येक वस्तूची स्वतंत्र करा: कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, खरेदीचा महिना, किंमत. 'काळी बॅग आणि आतलं सामान' असं लिहिलेल्या फिर्यादीवर बॅगेचेच पैसे मिळतात. किंमत आणखी एका कारणासाठी हवी: उर्तो ४०० युरोंच्या आत असेल तर तो किरकोळ गुन्हा ठरतो. नंतर काही आठवलं तर नवी फिर्याद देऊ नका, त्याच क्रमांकावर 'आम्प्लिआसिओन', म्हणजे पुरवणी, जोडून मागा.

सही करण्याआधी नाव तपासा. हे आपल्या लोकांचं खास दुखणं. त्यांच्या अर्जात आडनावाच्या दोन जागा असतात, त्यामुळे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिलं आडनाव होऊन बसतं. पॉलिशीवर एक नाव आणि देनुन्सियावर दुसरं, की महिनाभर पत्रव्यवहार. पासपोर्ट उघडून बोटाने दाखवा. शिक्का असलेली प्रत घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका.

— रेडिंगकर

――――――

प्रेषक: लेस्टरकर

रेडिंगकरांनी पोलिसांची बाजू नीट सांगितली. मी हॉटेलची सांगते. हॉटेलचं कामकाज चालवणं हाच माझा धंदा आहे.

स्वागतकक्षात जाऊन 'तुमच्या सफाईवालीने चोरलं' असं ओरडलं की समोरचा माणूस बचावात जातो आणि मग तुम्हाला काहीच मिळत नाही. शिवाय चोर बहुधा बाहेरचा असतो. नेहमीची युक्ती अशी: सफाई चालू असते, दार उघडं असतं, एक नीटनेटका माणूस आत येतो, 'माझीच खोली, चार्जर विसरलो' म्हणतो आणि बॅग उचलून निघून जातो. चांगल्या हॉटेलात कर्मचाऱ्याने अशा वेळी पाहुण्याला स्वतःचं कार्ड दाराला लावायला सांगायचं असतं. तसं सांगितलं नसेल तर ती हॉटेलची चूक आणि तीच तुमच्या कामाची.

खोलीत कशाला हात न लावता फोटो काढा, ड्यूटी मॅनेजरला वर बोलवा आणि तीन गोष्टी मागा. तोंडी नव्हे, तिथल्या तिथे ईमेल करून.

पहिली, कुलपाची नोंद. कार्डाच्या कुलपात कुठलं कार्ड कधी लागलं, पाहुण्याचं, सफाईचं की देखभालीचं, हे साठत जातं. बऱ्याच हॉटेलांत ही नोंद कुलपातच असते आणि हातातलं यंत्र लावून उतरवून घ्यावी लागते. साठा मर्यादित असतो. नव्या नोंदी आल्या की सगळ्यात जुन्या पुसल्या जातात. म्हणून त्याच दिवशी मागा आणि तोवर खोली दुसऱ्याला देऊ नका म्हणून सांगा. एक बारकावा: या कुलपांचं घड्याळ पुष्कळदा पुढे-मागे असतं, उन्हाळी वेळ बदलल्यावर तर हमखास. नोंद उतरवण्याआधी तुमचं कार्ड एकदा लावा आणि मोबाइलवरची वेळ टिपून ठेवा. नोंदीतली वेळ आणि ही वेळ यांतला फरक मग सगळ्याच नोंदींना लावता येतो. आतून मुठीने उघडलेलं दार बहुधा नोंदलं जात नाही, हेही लक्षात असू द्या.

नोंदीत दिसतं तेच खरं, असंही नाही. २०१२ मध्ये ऑनिटीच्या आणि २०२४ मध्ये सॅफलॉकच्या कुलपांतल्या त्रुटी संशोधकांनी जाहीर केल्या. सॅफलॉकच्या वेळी १३१ देशांतल्या तीस लाखांहून जास्त दारांचा प्रश्न होता. सॅफलॉकच्या बाबतीत नकली कार्डाने केलेला प्रवेश नोंदीत सफाईच्या कार्डाच्या नावावर पडू शकतो. म्हणून नोंद बघून कुणावर आळ घेऊ नका.

दुसरी, मजल्यावरच्या आणि लिफ्टच्या कॅमेऱ्यांचं चित्रण. स्पेनच्या विदा संरक्षण कायद्यानुसार ते जास्तीत जास्त एक महिन्यात पुसायचं असतं. गुन्ह्याचा पुरावा असेल तर मात्र राखून ठेवायचं आणि ७२ तासांत अधिकाऱ्यांकडे द्यायचं. तुम्हाला स्वतःला ते दाखवतील अशी आशा धरू नका, त्यात इतर पाहुणेही असतात. 'अमुक तारखेचं, इतक्या ते इतक्या वाजताचं चित्रण पोलिसांसाठी राखून ठेवा' एवढं लिहा आणि तेच वाक्य देनुन्सियातही येऊ द्या.

तिसरी, घटनेचा अहवाल: तारीख, खोली क्रमांक, मॅनेजरची सही. नाही म्हणाले तर 'ओखा दे रेक्लामासिओनेस' मागा. हा तक्रारीचा सरकारी नमुना असतो आणि तो पाहुण्याला देणं हॉटेलवर बंधनकारक आहे. नुसतं नाव काढलं तरी अहवाल तयार होतो, असा धंद्यातला अनुभव.

खोलीतल्या तिजोरीबद्दल: कोड विसरणाऱ्या पाहुण्यांसाठी तिला मास्टर कोड किंवा आणीबाणीची किल्ली असतेच, आणि काही ठिकाणी कारखान्यातून आलेला कोड कोणी बदललेलाच नसतो. पोचल्यावर रिकामी तिजोरी बंद करा आणि सहा शून्यं, मग सहा नऊ दाबून बघा. उघडली तर तिला कपाट समजा. भिंतीला बोल्ट नसेल तर ती अख्खीच बॅगेत जाते.

— लेस्टरकर

――――――

प्रेषक: हॅरोकर

लेस्टरकर ताईंच्या मेलला कायद्याची जोड देतो.

'मौल्यवान वस्तूंना हॉटेल जबाबदार नाही' ही पाटी पाहून लोक गप्प बसतात. स्पेनच्या नागरी संहितेत कलम १७८३ आणि १७८४ आहेत. पाहुण्याने आणलेल्या सामानाला हॉटेलवाला जबाबदार असतो, मग नुकसान नोकराने केलेलं असो वा परक्याने. अपवाद सशस्त्र दरोड्याचा आणि दैवी आपत्तीचा. पण पाहुण्यावरही दोन अटी आहेत: सामानाची कल्पना दिलेली हवी आणि सांगितलेली खबरदारी पाळलेली हवी. तिजोरी असताना लॅपटॉप पलंगावर टाकून गेलात तर दुसऱ्या अटीवर घसरता.

पुढे इतरत्र जाणाऱ्यांसाठी. जर्मनीत नागरी संहितेची कलमं ७०१ ते ७०३: हॉटेलची जबाबदारी खोलीच्या एका दिवसाच्या भाड्याच्या शंभरपट, पण किमान ६०० आणि कमाल ३,५०० युरो, रोकड आणि दागिन्यांसाठी कमाल ८०० च. हॉटेलची चूक असेल किंवा वस्तू त्यांच्या ताब्यात दिली असेल तर मर्यादा नाही. मात्र विनाविलंब कळवलं नाही तर हक्कच जातो. फ्रान्स आणि इटलीतही भाड्याची शंभरपट हेच माप आहे. गाडीत ठेवलेलं सामान जर्मनीत यात धरत नाहीत.

आणि आपल्या इंग्लंडात? १९५६ चा हॉटेल प्रोप्रायटर्स ॲक्ट. दर्शनी जागी पाटी लावली असेल तर एका वस्तूला ५० पौंड, सगळी मिळून १०० पौंड. सत्तर वर्षांत आकडा हललेला नाही. तेव्हा पाहुणे इथे येणार असतील तर त्यांनाही सांगा, किमती वस्तू स्वागतकक्षात पावती घेऊन ठेवा. सांभाळायला म्हणून दिलेल्या वस्तूला ही मर्यादा लागत नाही.

— हॅरोकर

――――――

प्रेषक: स्लावकर

पासपोर्टबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

देनुन्सियात पासपोर्ट क्रमांक आलाच पाहिजे. प्रत नसेल तर हॉटेलकडे तो आहे. तिथल्या हॉटेलांना पाहुण्यांची ओळख नोंदवून सरकारला कळवावी लागते.

मग माद्रिदच्या भारतीय दूतावासाशी संपर्क. इथे लोक एक चूक करतात: 'इमर्जन्सी सर्टिफिकेट' लवकर मिळतं म्हणून तेच मागतात. ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं, एकदाच. त्यावर हीथ्रोला येता येत नाही. इंग्लंडात राहणाऱ्यांनी नवा पासपोर्टच मागायचा. तो हाती आला की विमानात बसण्याआधी इथल्या ई-व्हिसाच्या खात्यात नवा क्रमांक घाला, नाहीतर चेक-इनच्या काउंटरला तुमची परवानगी दिसणार नाही. शेंगेन व्हिसाही जुन्याच पासपोर्टवर गेलेला असतो, तेव्हा त्या पानाचा फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचं काम सोपं आहे, त्यांच्या सरकारचा आणीबाणीचा प्रवासी दस्तऐवज ऑनलाइन मागता येतो.

चोरीला गेला म्हणून कळवलेला पासपोर्ट रद्द होतो आणि इंटरपोलच्या यादीत जाऊ शकतो. दोन दिवसांनी गादीखाली सापडला तरी तो वापरू नका, विमानतळावर अडकाल.

कार्डं: बँकेला कळवल्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी तुमच्यावर नसते; आधीच्यांची इथल्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३५ पौंड, निष्काळजीपणा नसेल तर. पिनची चिठ्ठी पाकिटात असणं हा निष्काळजीपणा.

फोन: *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवा. फोन गेला तर 'हरवला' म्हणून कुलूप लावा, पण ॲपल किंवा गूगलच्या खात्यातून काढू नका. काढलात की चोराला तो विकता येतो. 'तुमचा फोन सापडला, इथे लॉगिन करा' असा संदेश आला तर तो चोराचाच समजा. नकाशावर फोन दिसला तरी स्वतः जाऊ नका, पत्ता पोलिसांना द्या.

— स्लावकर

――――――

प्रेषक: चिटणीस

सर्वांचे आभार. दोन सभासदांनी विचारलंय: लग्नासाठी स्पेनमार्गे भारतात जाताना दागिने बरोबर असतात. प्रवास विम्यात येतात का?

――――――

प्रेषक: रेडिंगकर

नावापुरते. प्रवास विम्यात एका वस्तूची मर्यादा आणि सगळ्या मौल्यवान वस्तूंची मिळून मर्यादा अशा दोन असतात, आणि त्या बहुधा काही शेकड्यांतच असतात. पाटल्यांचा जोड एक वस्तू की दोन, यावरही वाद होतात. घराच्या विम्यात 'घराबाहेरची वैयक्तिक मालमत्ता' हा भाग असतो, तिथे दागिना नावाने आणि किमतीने नोंदवून घ्या. परदेशात किती दिवस चालतो तेही विचारा. त्यासाठी सराफाची पावती किंवा मूल्यांकन आणि गळ्यातला फोटो. दहा वर्षांपूर्वीच्या पुण्याच्या पावतीवरचा भाव आज चालत नाही, मूल्यांकन ताजं हवं. आजीचा दागिना असेल आणि पावतीच नसेल, तर मूल्यांकन निघायच्या आधीच करून घ्या. गेलेल्या दागिन्याचं मूल्यांकन कोणी करून देत नाही.

दावा नाकारला तर कंपनीचं अंतिम उत्तर लेखी मागा. ते आल्यावर, किंवा आठ आठवड्यांत आलं नाही तर, फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या तटस्थ संस्थेकडे, जाता येतं. अंतिम उत्तरानंतर मुदत सहा महिने, शुल्क नाही. कुलपाची नोंद इथे कामी येते, ताईंचा तो घड्याळाचा मुद्दा विसरू नका.

— रेडिंगकर

――――――

प्रेषक: लेस्टरकर

ठाण्यात दुभाषा मिळेपर्यंत एवढं पाठ असू द्या: 'किएरो पोनेर ऊना देनुन्सिया' म्हणजे मला फिर्याद द्यायची आहे. 'ला पुएर्ता एस्ताबा सेर्रादा' म्हणजे दार बंद होतं. 'ऊना कोपिया सेयादा, पोर फावोर' म्हणजे शिक्क्याची प्रत द्या. माद्रिदकडे 'देनुन्थिया' असा उच्चार ऐकू येईल, शब्द तोच.

— लेस्टरकर