शिडाची बोट + स्नॉर्केलिंग, फक्त आमचं कुटुंब. कुठे जावं? सल्ला हवाय

प्राजक्ता_मुलुंड
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण कुठेतरी जायचं म्हणतोय, मी, नवरा, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ८ चा आणि सासू-सासरे, दोघंही सत्तरीच्या आसपास. मुलीला स्नॉर्केलिंग (मास्क-नळी लावून, तरंगत पाण्यातले मासे बघणं) करायचंय, सासऱ्यांना शिडाच्या बोटीत बसायचंय (ते मूळचे रेवदंड्याचे, लहानपणी शिडाचे मचवे बघितलेत त्यांनी), आणि मला एवढंच हवंय की बोटीवर आमचीच माणसं असावीत, चाळीस अनोळखी लोक आणि कर्कश्श स्पीकर नको. मुंबईतूनच एका दिवसात असं काही जमतं का? नाहीतर मालवण, अंदमान, मॉरिशस अशी नावं डोक्यात आहेत पण काहीच ठरत नाहीये. पोहण्याचं म्हणाल तर नवरा आणि मुलगी व्यवस्थित पोहतात, मुलगा शिकतोय, मला स्विमिंग पूलच्या उथळ भागापुरतं येतं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. सासूबाई पाण्यात उतरणार नाहीत पण बोटीत आनंदाने बसतील. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

खाडीवारा
ताई, मी कुलाब्याला शिडाच्या होड्या चालवतो म्हणून आधी मुंबईचं सांगून टाकतो. शीड मिळेल, स्नॉर्केलिंग नाही. गेटवेसमोरचं पाणी गढूळ आहे ते फक्त घाणीमुळे नाही, खाडीचा गाळ आहे आणि उधाणाला इथे भरती-ओहोटीत साडेचार मीटरच्या आसपास फरक पडतो, एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं म्हटल्यावर तळ ढवळलेलाच राहणार. मुंबईजवळ स्नॉर्केलिंग करून देतो असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका, मास्क लावून स्वतःचा हातसुद्धा धड दिसणार नाही.

आता मुख्य मुद्दा, जो बुकिंग करताना कोणीच सांगत नाही. शिडाला वारा हवा आणि स्नॉर्केलिंगला शांत पाणी हवं. या दोन गोष्टी एकाच तासात मिळत नाहीत. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो ना, तेच इथे कामाला येतं. आपल्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो, समुद्र शांत असतो, आणि दुपारी एक-दोननंतर समुद्रावरून खारा वारा धरतो, मग शीड छान भरतं पण पाण्यावर लाटाही उठतात. म्हणून मालवणला जा नाहीतर कुठेही, सकाळी लवकर निघायचं, पाण्यात आधी उतरायचं, दुपारी जेवून परत येताना शीड चढवायचं. ज्याच्या प्रोग्रॅममध्ये स्नॉर्केलिंग दुपारी तीनला आहे त्याला सरळ नाही म्हणा. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात, म्हणजे मॉरिशससारख्या ठिकाणी वारा दिवसभर वाहतो, तिथे वेळेपेक्षा बेटाची आडोशाची बाजू निवडणं महत्त्वाचं.

सासऱ्यांसाठी मात्र गेटवेहून तास-दोन तासांची शिडाची राईड आधी एकदा कराच. कील असलेली होडी मागा, खाली वजन असतं त्यामुळे ती कलते पण सहजासहजी उलटत नाही, आणि हे कलणं त्यांना चालतंय का, कोणाला बोट लागते का, हे मोठा खर्च करायच्या आत कळेल. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच. डिसेंबर २०२४ मध्ये एलिफंटाला जाणाऱ्या लाँचचा अपघात याच पाण्यात झाला, त्यावर मी जास्त लिहीत नाही, पण जॅकेट सीटखाली ठेवलेलं काही कामाचं नाही.

दांडी_ते_दादर
माझं गाव मालवण, नोकरी दादरला. मी मालवणच सुचवणार पण खरं तेच सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहे, रंगीत मासे भरपूर आहेत, १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं ते उगाच नाही. कोकण रेल्वेने कुडाळला उतरायचं, तिथून तासाभरात मालवण. आजी-आजोबांना किल्ला दाखवा, घरगुती जेवण, सगळं सोयीचं. पण शीड तिथे मिळेल या आशेवर येऊ नका, पर्यटकांना नेतात त्या सगळ्या मशीनच्या होड्या. अख्खी होडी तुमच्या एकट्या कुटुंबासाठी ठरवता येते, गर्दीच्या आठवड्यात जरा भाव करावा लागेल एवढंच.

आणि तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, असं. हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा, मालवणला भरती थोडी आधी येते. दशमी-एकादशीला उधाण नसतं, भांगाचं पाणी असतं, ओढ कमी, तळ ढवळत नाही आणि सकाळी पाणी भरलेलं मिळतं. स्नॉर्केलिंगला याहून चांगला दिवस नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आजूबाजूला तीच जागा गढूळ दिसते आणि लोक म्हणतात मालवणात काही दिसतच नाही. तुमी येवा, पण अमावास्येक नको.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर पाऊस नुकताच गेलेला असतो, नद्यांचं पाणी अजून समुद्रात येत असतं, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढे फेब्रुवारीपर्यंत पाणी जास्त चांगलं. २६ मे ते ३१ ऑगस्ट सगळं बंदच असतं.

एक विनंती आहे. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाण्यात पाव, बिस्किटं टाकतात. तुमच्या माणसाला आधीच सांगा की आम्हाला नको. मासे खडकाजवळ असतातच, दोन मिनिटं शांत तरंगलं की दिसतात. आणि प्रवाळावर पाय ठेवून उभं राहायचं नाही, दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत असतं, एका पायाने मोडलेलं परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात. आमच्या गावातल्या लोकांचं पोट त्याच्यावर चालतंय म्हणून कळकळीने सांगतोय.

सुमेधा_पार्ले
प्राजक्ता, तुझी यादी वाचून मला वाटतं तुला हवंय ते सगळं एका जागी मॉरिशसमध्ये मिळेल, आम्ही अगदी अशाच गोतावळ्यासकट गेलो होतो. मुंबईहून थेट विमान आहे, भारतीयांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर मोफत मिळतो. बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाची रांग आहे, मोठ्या लाटा त्या रांगेवरच फुटतात आणि आतलं पाणी उथळ, नितळ, शांत राहतं. पोहायला कच्चे असलेल्यांना हे फार सोयीचं पडतं कारण मासे बघायला खोल पाण्यात जावंच लागत नाही.

बोट कॅटामरान घे. दोन पोटांची असल्यामुळे एका बाजूला कलत नाही, सासूबाई पुढच्या जाळीवर नाहीतर सावलीत निवांत बसतील. पण नीट लक्ष दे, तिथे कॅटामरान म्हटलं की बहुतेक वेळा शेअरिंगची, तीस-चाळीस लोकांची, दारू आणि गाणी असलेलीच दाखवतात. तुला 'प्रायव्हेट चार्टर' म्हणून अख्खी लहान बोट मागावी लागेल. माणशी हिशोब केला तर महाग आहे, पण तुम्ही सहाजण आहात, अजून एखादं ओळखीचं कुटुंब आलं तर फार फरक राहत नाही.

जागा तीन-चार आहेत. उत्तरेला ग्रां बेहून निघून फ्लॅट आयलंड, गॅब्रिएल आयलंडला जातात, खरं शिडाचं सेलिंग इथेच होतं कारण लगून, म्हणजे प्रवाळाच्या रांगेच्या आतलं शांत पाणी, सोडून उघड्या समुद्रातून जावं लागतं, पण तेवढीच बोट हलतेही. पश्चिमेला इल ओ बेनितियेकडे जाताना बराच वेळ लगूनमध्येच असतो, समोर ल मोर्नचा डोंगर. पूर्वेला इल ओ सेर्फ, वारा जास्त, गर्दी जास्त. तुझ्या घरच्यांसाठी मी पश्चिम निवडेन, कारण आग्नेयेकडून येणारे वारे बेटाच्या डोंगरांमुळे तिथे अडतात. आणि एक सकाळ ब्लू बे मरीन पार्कसाठी ठेव, दक्षिण-पूर्वेला, विमानतळाच्या अगदी जवळ आहे, प्रवाळ बघायचं तर तिथेच. तिथे तळाला काच असलेल्या बोटी आहेत, सासू-सासऱ्यांना पाण्यात न उतरता सगळं दिसेल.

नोव्हेंबर छान, तिथल्या हिवाळ्यातला (म्हणजे आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांतला) जोराचा वारा उतरलेला असतो आणि वादळांचे महिने, म्हणजे मुख्यतः जानेवारी ते मार्च, अजून लांब असतात. शिवाय तिथे मराठी वंशाचे लोक आहेत, एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. सासूबाईंना ते ऐकूनच बरं वाटेल.

प्राजक्ता_मुलुंड
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं, गेटवेच्या राईडला ते उद्याच तयार आहेत :) आता शंका. परदेशातल्या बोटवाल्याला इथे बसून नेमकं काय विचारायचं? जेवण बोटीवर असतं म्हणे, सासूबाई पूर्ण शाकाहारी. आणि मी स्वतः पाण्यात उतरू का? भीती वाटते पण मुलांबरोबर जायचंय.

अनिकेत_ठाणे
विचारायचं ते व्हॉट्सॲपवर लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. बोटीवर आमच्याशिवाय कोण असेल, एकूण किती वेळ, त्यातला शिडावर किती आणि इंजिनवर किती (शीड नुसतं फोटोपुरतं चढवून अख्खी ट्रिप इंजिनवर नेणारे सगळीकडे आहेत). ८ वर्षांच्या मुलाच्या मापाचं जॅकेट आहे का, दोन पायांमधून येणारा पट्टा असलेलं, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि पोर खाली राहतं. पाण्यात मुलांबरोबर एक माणूस उतरणार का, की सगळे वरून बघणार. चढायला शिडी कशी आहे, याचा फोटो मागवा, दोरीची शिडी असेल तर दुखऱ्या गुडघ्यांनी चढणं अशक्य आहे, मागच्या बाजूला पाण्याच्या पातळीवर फळी आणि कठडा असलेली घट्ट शिडी हवी. टॉयलेट आहे का हेही निःसंकोच विचारा, घरातल्या बायका नसेल तर दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग उन्हात चक्कर येते, हे फार वेळा होतं. हवा खराब झाली तर पैसे परत की तारीख बदलून, तेही. मॉरिशसमध्ये अशा बोटींना टुरिझम ऑथॉरिटीचं लायसन्स लागतं, इथे महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाचं, कागद दाखवा म्हटल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

जेवणाचं म्हणाल तर बोटीवर बहुतेक बार्बेक्यू असतो, मासे, चिकन आणि भाज्या एकाच जाळीवर. नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही, वेगळ्या तव्यावर करा असं स्पष्ट लिहा, आणि बरोबर दशम्या, चटणी ठेवाच.

सागर_५५
अंदमानचं कोणीच बोलत नाहीये? हॅवलॉकला, आता स्वराज द्वीप, एलिफंट बीचवर स्नॉर्केलिंग मस्त होतं, पासपोर्टची भानगड नाही. डिसेंबर ते एप्रिल पाणी शांत.

खाडीवारा
सागर, पाण्याबद्दल शंभर टक्के सहमत, प्रवाळ बघण्यासाठी अंदमान उत्तमच. पण आजोबांना शीड हवंय आणि तिथल्या रोजच्या ट्रिपा स्पीडबोटीवरच्या असतात, स्पीडबोट लाटांवर आपटते ते सत्तरीच्या पाठीला झेपत नाही. शिवाय दिवाळीच्या सुमारास तिथे ईशान्य मोसमी पाऊस असू शकतो. ताईंच्या घरासाठी मी सुमेधाताईंच्या बाजूने.

रेवती_गिरगाव
प्राजक्ताताई, तुम्ही पाण्यात उतराच. मला पोहता येत नाही असं म्हणून काठावर बसलेल्या खूप बायका मी पाण्यात नेल्यात, म्हणून सांगते, भीती पाण्याची कमी आणि नाकाने श्वास बंद होण्याची जास्त असते. तेव्हा इथेच, मुलुंडच्या पूलमध्ये, मास्क आणि नळी लावून उथळ भागात उभं राहायचं, तोंड पाण्यात घालायचं आणि फक्त तोंडाने सावकाश श्वास घ्यायचा. सोडलेला श्वास आत घेतल्यापेक्षा लांब. दहा मिनिटांत शरीराला पटतं. नळीत पाणी आलं की जोरात 'थू' करून उडवायचं, हेही तिथेच करून बघा. अख्खा चेहरा झाकणारे मास्क मिळतात ते घेऊ नका, त्यात सोडलेली हवा नीट बाहेर गेली नाही तर गुदमरायला होतं आणि घाईत काढताही येत नाहीत.

मास्क विकत घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मुलांसाठी वेगळा मास्क घ्या, मोठ्यांचा मास्क पट्टा आवळून मुलांना बसत नाही. मिशी असलेल्यांचा मास्क गळतो, मिशीवर थोडं व्हॅसलीन लावलं की काम होतं. काचेवर धुकं येऊ नये म्हणून आदल्या रात्री बेबी शॅम्पूचा थेंब चोळून ठेवा.

अंगात पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला सगळ्यांनी. पाण्यात तोंड खाली घालून तरंगताना उन्हाचा सगळा मारा पाठीवर आणि पोटऱ्यांवर बसतो, गार पाण्यामुळे कळत नाही आणि रात्री झोपता येत नाही. क्रीमही कमी लागतं, प्रवाळासाठी ते चांगलंच.

बोट लागण्याचं औषध बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघण्याआधी तासभर तरी घ्यायचं. आजी-आजोबांच्या बीपीच्या वगैरे गोळ्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, त्या गोळीने सुस्ती येते. आल्याची वडी सगळ्यांनाच चालते.

प्राजक्ता_मुलुंड
ठरलं मग. येत्या रविवारी गेटवेहून शिडाची राईड, नोव्हेंबरात मॉरिशस, पश्चिम बाजू, अख्खी लहान कॅटामरान, आणि डिसेंबरमध्ये एकादशी बघून दोन दिवस मालवण, कारण मुलीने तिथिगणित वाचून आत्ताच कॅलेंडर काढलंय. नवऱ्याच्या मित्राचं कुटुंबही येतंय म्हणजे खर्चाचंही जमेल. शेवटचं एकच, मुलीला साडेतीनचा चष्मा आहे, मास्कच्या आत चष्मा चालेल का?

रेवती_गिरगाव
नाही चालणार, काड्यांमुळे मास्कची कड बसत नाही आणि पाणी आत येतं. नंबरच्या काचा असलेले तयार मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने, उणे साडेतीन सहज मिळेल. ऑनलाइन मागवला तर सुट्टीच्या महिनाभर आधी मागवा, माप चुकलं तर बदलायला वेळ हवा. आणि एकदा पूलमध्ये घालून बघितल्याशिवाय बॅगेत भरू नका.

दांडी_ते_दादर
डिसेंबरचं कुडाळचं रिझर्व्हेशन मात्र आजच बघा, नाताळच्या आठवड्यातल्या गाड्या बुकिंग उघडल्या उघडल्या भरतात. त्या आधीची एकादशी धरा.