मदत हवी आहे: मॅक्सएंटचा नकाशा महाबळेश्वरपर्यंत लाल येतोय!

दांडियाबाजार
सोमवारी प्रकल्पाच्या गाईडना नकाशा दाखवायचाय, प्लीज लवकर सांगा. मॅक्सएंट या सॉफ्टवेअरने, नोंदी आणि हवामानावरून, पश्चिम घाटातल्या प्रदेशनिष्ठ (फक्त तिथेच आढळणाऱ्या) प्राण्याचा संभाव्य आढळ काढलाय. लाल म्हणजे आढळाची शक्यता जास्त. वर्ल्डक्लिम या हवामान-डेटाचे सगळे १९ थर (बायो१ ते बायो१९) आणि उंची. एयूसी (मॉडेल किती नीट ओळखतं त्याचा आकडा, कमाल १) ०.९८, म्हणजे मॉडेल उत्तम. तरी महाबळेश्वर, आंबोली लालभडक आणि किनाऱ्यावरही ठिपके. तिथे हा प्राणी नाहीच. कुठलं सेटिंग बदलू?

घाटमाथा
प्राणी कोणता? नोंदी किती, कुठून घेतल्या? बॅकग्राउंड, म्हणजे तुलनेसाठी घेतलेला प्रदेश, कुठवर आहे?

सूरसागर
नकाशा नंतर, आधी कॅमेरा ट्रॅप लावा. गुडघ्याच्या उंचीवर, वाटेला तिरका, तोंड उत्तर किंवा दक्षिणेला. पूर्व-पश्चिम ठेवलात तर ऊन थेट सेन्सरवर येतं आणि कार्ड रिकाम्या फोटोंनी भरतं. समोरचं गवत कापायला विसरू नका.

दांडियाबाजार
अहो, मी बडोद्यात बसून करतेय, कॅमेरे कुठे लावू! प्राणी नीलगिरी मार्टेन. ३४ नोंदी, जीबीआयएफ या जीवनोंदींच्या खुल्या साठ्यावरून. बॅकग्राउंड अख्खा भारत.

घाटमाथा
मग ०.९८ला काही अर्थ नाही. राजस्थानचं वाळवंट समोर ठेवलं की घाटातला कुठलाही प्राणी सहज वेगळा निघतो. बॅकग्राउंड पश्चिम घाटापुरतं कापा. एयूसी उतरेल, उतरू दे, तो आकडा खरा असेल.
किनाऱ्यावरचे ठिपके नोंदींमुळे. जीबीआयएफमध्ये आयनॅचरलिस्ट या निरीक्षणांच्या साइटवरच्या नोंदीही येतात, आणि तिथे संकटग्रस्त प्राण्याची जागा मुद्दाम लपवतात, बिंदू ०.२ अंशाच्या चौकटीत कुठेही टाकला जातो. म्हणजे सुमारे २२ किलोमीटर! घाटमाथ्यावरची नोंद पायथ्याच्या सखल भागात पडते आणि मॉडेल तिथली उंची, तिथलं तापमान शिकतं. जीबीआयएफच्या फाइलमध्ये जागेच्या अनिश्चिततेचा रकाना मीटरमध्ये असतो. थर १ किलोमीटरचे आहेत, तेव्हा ज्यांची अनिश्चितता १,००० मीटरच्या वर आहे त्या नोंदी काढून टाका. रकाना रिकामा असेल तर वर्णनातलं ठिकाण नकाशावर ताडून पाहा.

मांडवीकर
एवढा खटाटोप कशाला? आढळक्षेत्राची तयार सीमा घ्या, उंचीने कापा, झालं. नाहीतर विषयच बदला, रतनमहालची अस्वलं बडोद्याहून जवळ आहेत.

घाटमाथा
अस्वल प्रदेशनिष्ठ नाही, नेपाळ-श्रीलंकेतही आहे. आणि सीमा उंचीने कापली तरी चहाचे मळे आत राहतातच. जंगल कुठे तुटलंय हे ज्यात दिसत नाही तो नकाशा संवर्धनाच्या काय कामाचा?

आडवापाऊस
महाबळेश्वरचं कोणी बोललंच नाही. तिथे वर्षाचा पाऊस प्रचंड, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. पुढे सात-आठ महिने कोरडे. नीलगिरी, अनामलैला वळीव आणि परतीचा पाऊसही मिळतो. बायो१२, म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस, एकटा हा फरक दाखवत नाही, बायो१७, म्हणजे सर्वांत कोरड्या तिमाहीचा पाऊस, ठेवाच. बायो८, ९, १८, १९ (तापमान आणि पाऊस यांची सरमिसळ असलेले तिमाही थर) काढून टाका. शेजारच्या दोन चौकटींत सर्वांत ओला तिमाही वेगळा निघाला की नकाशात सरळ रेघ उमटते. उरलेल्यांत ज्या जोडीचा सहसंबंध ०.७च्या वर, त्यातला एकच ठेवा.

दांडियाबाजार
गाळल्यावर १३ नोंदी उरल्या. थर कापले तर आता 'भौगोलिक मापं वेगळी' अशी एरर! क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधूनच कापलेत.

घाटमाथा
प्रत्येक थर वेगवेगळा कापलात म्हणून. क्यूजीआयएसच्या वॉर्प या टूलमध्ये सगळ्यांना एकच एक्स्टेंट (सीमाचौकट) आणि ०.००८३३३३३३ अंशाचं रिझोल्यूशन द्या. चौकटी जुळवताना उंचीला सरासरी, वनप्रकाराचा थर घेतलात तर त्याला मात्र मोड (सर्वांत जास्त आढळणारा वर्ग), नाहीतर सदाहरित आणि गवताळ यांची सरासरी काढून तिसराच वर्ग तयार होतो. मग मॅक्सएंटला द्यायची एएससी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सेलसाइझ (चौकटीचा आकार) या ओळीच्या जागी डीएक्स, डीवाय अशा दोन ओळी दिसल्या तर मॅक्सएंट ती वाचणार नाही. एक्स्पोर्ट करताना फोर्स_सेलसाइझ=ट्रू द्या. नोडेटा (माहिती नसलेल्या चौकटींची खूण) सगळीकडे -९९९९.
१३ नोंदींना फक्त रेषीय (लिनिअर) आणि द्विघाती (क्वाड्रॅटिक) फीचर ठेवा, रेग्युलरायझेशन (मॉडेल नोंदींना फाजील चिकटू नये म्हणून लावायचा लगाम) २ करून पाहा. चाचणीसाठी २५ टक्के बाजूला काढू नका, दर वेळी एकच नोंद वगळून १३ वेळा चालवा.

आडवापाऊस
आणि सोमवारी लाल-हिरवा नकाशा नेण्याआधी त्यावर त्या १३ नोंदी टाका. गाईड पहिला प्रश्न तोच विचारतील.