थंडीत पहाटे सांगलीहून महाबळेश्वर, गाडीत काय काय बघून घेऊ?

कृष्णाकाठचा
मंडळी, जानेवारीत आईबाबांना घेऊन पहाटेच सांगलीतनं निघायचं म्हणतोय, आष्टा, पेठ नाका, कराड, सातारा आणि मग मेढ्यावरनं केळघर घाट. गाडी डिझेल, जुनी आहे, सकाळी पहिल्या सेल्फला चालूच होत नाही, दोनतीनदा मारावा लागतो, दुपारी काही त्रास नाही. गॅरेजवाला म्हणतोय थंडी आहे, कूलंट, ऑइल, बॅटरी सगळंच बदलून टाका. खरंच गरज आहे का बिल वाढवतोय?

घाटवळण
सरसकट बदलायची गरज नाही दादा. वेण्णा लेकला दव गोठल्याचे फोटो येतात पेपरात, पण ते गवतावरचं न् गाड्यांच्या टपावरचं, इंजिनातलं पाणी गोठावं अशी थंडी आपल्याकडं नसते. कूलंटमध्ये कुणी नळाचं पाणी घालून घालून पातळ केलं असेल तरच बदला, ते पण गंज आणि घाटात गाडी तापते म्हणून.

आधी एक ऐका, सकाळी सेल्फ रडत रडत फिरतो, की जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? रडत असेल तर बॅटरी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड धरलीय का बघा, गरम पाण्यानं धुवून व्हॅसलीन लावा, रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवलं तर ठीक, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरीवाल्याकडनं लोड टेस्ट करून घ्या. आणि जोरात फिरून पकडत नसेल तर बहुतेक हीटर प्लग, म्हणजे थंड डिझेल इंजिन चालू करताना आतनं गरम करणारे प्लग.

कृष्णाकाठचा
जोरात फिरतो! किल्ली फिरवली की लगेच सेल्फ मारतो मी.

घाटवळण
मग तेच. डॅशबोर्डवर पिवळं स्प्रिंगसारखं वेटोळं पेटतं ना, ते विझू द्या, मग मारा. थांबूनही तीच बोंब असेल तर प्लग तपासा, एखादा गेला तरी थंडीत लगेच कळतं.

फडकरी
थंडीपेक्षा ऊस बघा राव! कारखाने चालू आहेत, धुक्यात पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो आणि मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या वाड्यांनी झाकलेला, अगदी जवळ गेल्यावर पाचट लोंबताना दिसतं. हाय बीम लावू नका, धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो, लो बीम आणि फॉग लॅम्प. आणि चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावणारे महाभाग असतात, मागच्याला कळत नाही ही उभी आहे का वळतीय, तसलं काही करू नका.

वाईकर
काच आतनं पुसून घ्या, वर्षभराचा तेलकट थर असतो तिच्यावर, समोरनं लाईट आला की सगळं पांढरं दिसतं. चारजण बसले की वाफ धरणारच, तेव्हा एसी चालू, तापमान गरमवर, हवा काचेवर आणि आतली हवा फिरवायचं बटन बंद. थंडीत एसी कशाला म्हणून लोक हातानंच पुसत बसतात, पण ओल एसीच ओढतो. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच तपासा, पारा दहा डिग्री उतरला की साधारण दोन पीएसआय कमी होते.

कृष्णाकाठचा
नायट्रोजन भरू का मग?

वाईकर
साध्या हवेत पण ७८ टक्के तोच आहे की. थंडीत त्याचं पण प्रेशर उतरतंच.

फडकरी
आणि आईबाबा आहेत तर पहाटेचं कशाला? चांगलं उजाडल्यावर निघा, कराडपर्यंत धुकं विरतंय.